बाबांच्या डोक्यावरचं पाणी

रविवारी सकाळी बाबा सायकलचं पॅडल उलटं फिरवून चेनला तेल सोडायचे. तो कर्र-कर्र आवाज कुठंही कानावर आला की मला अजून भूक लागते. मिस्साआधी, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेआधी, तोंडात काही टाकायचं नाही हा मायचा दंडक होता आणि मिस्सानंतर चौकातला गरम आलुबोंडा बाबांच्या हातून मिळायचा हा ठरलेला रिवाज होता. चेन कुरकुरायला लागली की माय चुलीपाशीहून ओरडायची, "अवो, झालं का नाई तुमचं? पयली घंटा झाली!" उशीर नेहमी तिचाच असायचा, पण ओरडायचीही तीच. मग पुढच्या दांडीवर मी, मागे कॅरिअरवर पदर सावरत माय आणि हँडलला फुलांची टोपली अशी आमची वरात अमरावतीच्या कडेच्या आमच्या वाडीतून मिशनच्या आवाराकडे निघायची. टोपलीत गेंदा, शेवंती, कधी निशिगंध. वेदीवरची फुलं दर रविवारी बाबांच्या वाडीतली असायची, आणि त्यांची निवड बाबा स्वतः करायचे. किडकी पाकळी दिसली तर ते फूल बाजूला. "देवाले काय कळते का नाई मले मालूम नाई," म्हणायचे, "पण लोकायले दिसते ना."

टोपली ते चर्चच्या पायऱ्यांपर्यंत आणून मायच्या हातात देत आणि फाटकाजवळच्या लिंबाखाली जाऊन बसत. आत कधी गेले नाहीत. माझी माय कॅथलिक, मी कॅथलिक, पण बाबा नव्हते. ते अकोल्याकडच्या एका खेड्यातले माळी, आणि गावच्या मारुतीपुढेही त्यांनी कधी हात जोडले नव्हते. दिसत नाही त्याला हात काय जोडायचे, एवढं साधं त्यांचं म्हणणं. आमचे फादर वर्गीस केरळचे. मराठी ते परतवाड्याकडच्या खेड्यांत लोकांच्या ओट्यांवर बसून शिकले होते, त्यामुळे तोंड उघडलं की पक्के वऱ्हाडी, फक्त चाल मल्याळी. मिस्सा संपवून पायऱ्यांवर उभे राहिले की ते हात उंच करून हाक मारायचे, "गणपतराव, बाहीर काहून बसता? आत या ना एखांदवेळी!" आणि बाबा बसल्या जागेवरून म्हणायचे, "मी हाये इथंच. तुमी या आटपून." मिस्सा तर आटपलेलीच असायची. पण उत्तर दर रविवारी तेच, आणि दर रविवारी फादर तितक्याच मोकळेपणानं हसायचे.

मायबाबांच्या लग्नाची गोष्ट मला तुकड्या-तुकड्यांनी कळली. माय मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी करायची. बाबांच्या हाताला विळा लागला होता. जखम आठ दिवसांत भरली, तरी हा माणूस महिनाभर पट्टी बदलायला येत राहिला, असं सांगताना माय म्हातारपणीसुद्धा लाजायची. बिशपांकडून लग्नाची परवानगी आली ती एका अटीवर, की मुलं कॅथलिक म्हणून वाढवायची. बाबा चौथी शिकलेले. त्यांनी कागद बोट ठेवून दोनदा वाचला आणि विचारलं, "मले सोताले काई मानावं लागन, असं याच्यात नाई ना?" नाही म्हटल्यावर सही केली. त्या एका सहीपायी बारा वर्षं हा माणूस, ज्याचा कशावर विश्वास नव्हता, मला दर रविवारी चर्चला आणत होता. पावसात घोंगडं पांघरून लिंबाखाली बसला, पण एक रविवार चुकवला नाही. मायला ताप असला तर मला एकटीला आणायचा. चर्चच्या वहीत माझं नाव थेरेसा. बाबा मला शेवंती म्हणायचे. गावाकडून मात्र आमच्याकडे कोणी यायचं नाही आणि आम्हीही जात नव्हतो. का, हे विचारलं की माय भाकर थापायला लागायची.

आता धर्मशिक्षणाबद्दल सांगते, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. शनिवारी दुपारी दानियल मास्तर आमचा वर्ग घ्यायचे. उंच, वाळके, सदऱ्याची सगळी बटणं लावणारे. माणूस वाईट नव्हता हो, उलट फार मायाळू. खिशात आमच्यासाठी फुटाणे ठेवायचा. पण जे तरुणपणी शिकला तेच शिकवायचा. रोमला बिशपांची मोठी सभा होऊन गेली होती, तिच्यात पुष्कळ गोष्टी नव्यानं मांडल्या गेल्या होत्या, पण त्या अमरावतीच्या दानियल मास्तरांपर्यंत पोचायला वेळ लागला. त्यांनी फळ्यावर नोहाचं तारू काढलं. मोठी नाव, तिच्यात हत्ती, घोडे, चिमण्या. "हे तारू म्हंजे आपलं चर्च," ते म्हणाले. "पाणी चढलं तवा जे आत होते ते वाचले. जे बाहीर होते ते?" सगळी पोरं एका सुरात ओरडली, "बुडाले!" मीही ओरडले. आणि ओरडता ओरडता मला फाटकाजवळचा लिंब दिसला.

वर्ग सुटल्यावर मी मास्तरांच्या मागे मागे गेले. "मास्तर, बाहीर असलेला माणूस चांगला असला तं?" मास्तरांना कोणाबद्दल आहे ते कळलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आजवर ज्यांनी ऐकलंच नाही, त्यांच्याबद्दल देव काहीतरी पाहील, असं ते म्हणाले. मग म्हणाले, "पण ज्याले मालूम हाय आन् तरी येत नाई, त्याचं कठीण हाय पोरी. तू प्रार्थना कर." बाबांना तर सगळं मालूम होतं! बारा वर्षं खिडकीतून येणारं सगळं त्यांनी ऐकलं होतं. उपदेश ऐकले होते, गाणी ऐकली होती. वाडीत आळ्यांना पाणी सोडताना आमची स्तोत्रं ते माझ्यापेक्षा बऱ्या सुरात गुणगुणायचे. मेळघाटातल्या एखाद्या माणसाला सूट होती, त्यानं नावच ऐकलं नव्हतं. माझ्या बाबांना मीच दर रविवारी चर्चच्या दारापर्यंत आणून बुडवत होते, असं मला वाटायला लागलं. त्या दिवसापासून मी जेवताना त्यांच्याकडे बघायची. ठेचा-भाकर खाणारा, भाकरीचा पापुद्रा माझ्या ताटात टाकणारा हा माणूस, आणि मी स्वर्गात गेले की हा तिथं नसणार. मग तिथं जाऊन मी करू काय?

त्याच महिन्यात मास्तरांनी आम्हांला तातडीचा बाप्तिस्मा शिकवला. माणूस मरणाच्या दारात असेल आणि फादर जवळ नसतील तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. डोक्यावर स्वच्छ पाणी ओतायचं, आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते असं म्हणायचं. दवाखान्यातल्या सिस्टर न जगणाऱ्या तान्ह्या बाळांना तो द्यायच्या. सरावासाठी मास्तरांनी डांगर मागवलं, म्हणजे लाल भोपळा. तो अर्थात आमच्याच वाडीतून गेला. मास्तरांनी त्यावर कोळशानं नाक-डोळे काढले आणि आम्ही अकरा पोरापोरींनी त्या डांगराला ओळीनं अकरा वेळा बाप्तिस्मा दिला. हसून हसून पोट दुखलं. शेवटी मास्तर म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. माणूस मोठा असन आन् शुद्धीवर असन, तं आधी त्याले इचाराचं. इचारल्याशिवाय नाई." ते डांगर मायनं दुसऱ्या दिवशी चिरून भाजीत घातलं. मी खाल्लं नाही.

पावसाळा सरता सरता बाबांना मुदतीचा ताप आला. आधी अंग दुखतं म्हणत कामं केली, मग वाफ्यातच बसले. नऊ-दहा दिवस खाट सोडली नाही. घरात नुसता ओल्या फडक्यांचा आणि औषधाचा वास. वाडीत गेंदा फुलून झाडावरच सुकायला लागला, तोडायला कोणी नव्हतं. एका दुपारी ताप इतका चढला की ते बरळायला लागले. आपल्या मायला हाका मारत होते. माय घाबरली. "मी डॉक्टरले आन्तो, तू पट्ट्या ठेवत राय, हलू नको इथून," म्हणून अनवाणी पळाली. मी आणि बाबा, दोघंच उरलो. त्यांचे ओठ सुकून फुटले होते. श्वास असा येत होता की दोन श्वासांच्या मधे मीही श्वास धरून बसायची.

मी उठले. पट्ट्यांचं पाणी मिठाचं होतं, ते चालेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून माठातलं घेतलं. लोटा भरून खाटेच्या डोक्याशी उभी राहिले. विचारायला हवं, हे मला पक्कं आठवत होतं. ते काय म्हणतील हेही पक्कं माहीत होतं. मी वाकले आणि विचारलं, "बाबा, बाप्तिस्मा देऊ का?" विचारलं, पण इतक्या हळू की माझं मलाच ऐकू आलं नाही. आणि लगेच पाणी ओतलं. तीनदा. शब्द न चुकता म्हटले. पाणी कपाळावरून कानात गेलं, बाबांनी मान हलवली, काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा डोळे मिटले. मी फ्रॉकनं त्यांचं डोकं पुसलं आणि खाली बसून ढसाढसा रडले, आनंदानं. माझा बाप तारवात आला होता. आता मेला तरी चालेल, असं मला वाटलं. बारा वर्षांची पोर मी, आणि बाप मेला तरी चालेल असं वाटलं! आज सत्तरी ओलांडल्यावर हे लिहिताना माझा हात थांबतो, पण खरं ते खरं.

बाबा मेले नाहीत. डॉक्टरांच्या इंजेक्शनांनी म्हणा, मायच्या रात्रंदिवस बसण्यानं म्हणा, पुढच्या आठवड्यात ते उठून बसले. आणि तिथून माझे हाल सुरू झाले. कारण आता बाबा कॅथलिक होते, आणि हे त्यांना माहीत नव्हतं! आम्हांला शिकवलेलं असं की कॅथलिकानं रविवारी मिस्सा मुद्दाम चुकवली तर ते मोठं पाप. शुक्रवारी मटण खाल्लं तर तेही पाप. आधी बाबा या हिशेबात नव्हतेच. मी त्यांना ओढून आत घेतलं आणि आता दर रविवारी लिंबाखाली बसून ते पापावर पाप रचणार होते. शुक्रवारी तर कहर झाला. अंगात ताकद यावी म्हणून मायनं पायाचं सूप केलं, वर लसणाची फोडणी दिली. सगळं घर घमघमलं. माय पाणी आणायला विहिरीवर गेली तेवढ्यात मी ते सुपाचं अख्खं पातेलं शेजारच्या कुत्र्यापुढे पालथं केलं. मायनं मला बडव-बडव बडवलं. बाबा खाटेवरून म्हणत होते, "असू दे वं, सांडलं असन." मार खाताना मला शहीद झाल्यासारखं वाटत होतं. पण रविवार आला. बाबा काठी टेकत सायकल धरून आम्हांला घेऊन निघाले, आणि मी त्यांचा सदरा धरला. "बाबा, आज आत चाला. एकडाव." ते हसले. "मी हाये इथंच." मी पायऱ्यांवर बसकण मारली आणि भोकाड पसरलं. लोक बघायला लागले. मायनं मला दंडाला धरून आत नेलं.

त्या बुधवारी मी पापनिवेदनाला, म्हणजे फादरांजवळ आपली पापं कबूल करायला, गेले. जाळीपलीकडे फादर वर्गीसांचा खोकला ऐकू आला. मी म्हटलं, "फादर, म्या बाबाले बाप्तिस्मा देल्ला."

पलीकडचा खोकला थांबला. मग, "कोन्त्या बाबाले?"

"माह्या."

मग त्यांनी विचारलं, "त्यायले इचारलं होतं?"

"इचारलं. पण हळू."

"किती हळू?"

"मलेबी आयकू नाई आलं."

फादर हसले नाहीत. त्यांनी मला सांगितलं की मोठ्या माणसाची स्वतःची इच्छा नसेल तर तो बाप्तिस्मा होतच नाही. बाबांना कसलंही पाप लागलं नाही, सूपही बिनघोर प्यायला हरकत नव्हती. माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि उतरल्या उतरल्या जुना दगड परत बसला. म्हणजे बाबा पुन्हा बाहेरच! मी रडत म्हटलं, "मंग ते बुडनार." फादर म्हणाले, "त्याचं आपुन बोलू. पण आधी तुले एक सांगतो. तुह्या बाबानं तुले कधी चर्चले जाऊ नको म्हनलं? तुह्यावर काई लादलं? मंग तू काहून लादलं? जमन तं त्यायले सांग. मी जबरदस्ती करत नाई, पण सांगशीन तं बरं."

मी दुसऱ्याच दिवशी पहाटे वाडीत सांगितलं. बाबा गेंदा तोडत होते. मला वाटलं, हसतील. डांगराची गोष्ट ऐकून तर हसतीलच. त्यांच्या हातातली फुलं तशीच राहिली. "माह्यावर पाणी टाकलं तू? ते शब्द म्हनून?" मी मान हलवली. बाबांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. ते वाफ्याच्या बांधावर बसले आणि म्हणाले, "मले न इचारता." मग पहिल्यांदा मला कळलं की गावाकडचं कोणी आमच्याकडे का येत नाही. बाबांनी मायशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या थोरल्या भावानं, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांनी, गावभर सांगितलं की गणप्या बाटला. त्यांची माय मरायला टेकली होती. बाबा गेले, तिच्या पायांवर हात ठेवून म्हणाले की माय, माह्या डोक्यावर त्यायचं पाणी पडलं नाई, पडनारबी नाई. ती म्हातारी त्या शब्दावर डोळे मिटून गेली. भावानं विश्वास ठेवला नाही. बाबा म्हणाले, "जगानं खोटं पाडलं त्याचं मले काई नाई. घरातल्यानं पाडलं." आणि फुलं वेचायला लागले.

तीन-चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. भाकरीचा पापुद्रा माझ्या ताटात पडला नाही. मायनं समजावलं, काही उपयोग झाला नाही. मला वाटलं, आता आपल्याला चर्चला कोणी नेणार नाही. आणि रविवारी पहाटे चेन कुरकुरली. बाबांनी न बोलता दांडी पुसली, न बोलता मला वर बसवलं. सही केली होती ना त्यांनी. त्या दिवशी दांडीवर बसून मी जितकी रडले तितकी आयुष्यात क्वचित रडले असेन.

मिस्सा सुटली. फादर पायऱ्यांवर आले, आणि बाबा लिंबाखालून उठून त्यांच्याकडे चालत गेले. बारा वर्षांत पहिल्यांदा. दानियल मास्तरही तिथंच उभे होते. बाबांनी सगळं सांगितलं, डांगरापासून. पापनिवेदनातलं फादरांनी कुठं बोलायचं नसतं, म्हणून त्यांनी असा चेहरा केला की जणू जन्मात पहिल्यांदाच ऐकताहेत. "अरे बाप्पा! असं?" म्हणाले. मला इतकं संकट असतानाही त्यांच्या नाटकाचं कौतुक वाटलं.

"आता मले एकच सांगा," बाबा म्हणाले. "माहा शब्द मोडला का?"

"नाई मोडला. तुमची इच्छा नव्हती, तं बाप्तिस्मा झाला नाई. नुसतं डोकं वलं झालं."

बाबांनी मोठा श्वास सोडला. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "आता हिचं सांगा. ही म्हनते मी बुडनार. पोरगी जेवत नाई धड. तुमच्या पुस्तकात असन तसं सांगा, मले वाईट वाटनार नाई."

फादर पायरीवर बसले. बाबा बसले. मास्तर उभेच. फादर म्हणाले, देवानं वाचायची वाट दाखवली, ती ख्रिस्ताची, आणि बाप्तिस्मा त्या वाटेचं दार आहे, हे ते मानतात, मरेपर्यंत शिकवतील. "पण दार आपल्यासाठी हाय. देव त्या दाराले बांधला नाई. ज्याले कळलंच नाई, पण जो मनाले जे खरं वाटते त्यापरमानं जगते, त्याले देव कोण्या वाटेनं नेते ते देवाले ठाव." मी न राहवून ओरडले, "पण बाबाले तं सगळं मालूम हाय! ते सगळं आयकतेत!" तोच माझा काटा होता, आणि दानियल मास्तरांचाही असावा, कारण तेही वाकून ऐकायला लागले.

फादर बाबांकडे वळून म्हणाले, "गणपतराव, तुमाले हे खरं वाटते, आन् तरी येत नाई, असं हाय का?"

"नाई," बाबा म्हणाले. "खरं वाटलं असतं तं मी कधीचा आलो असतो. तुमी चांगले हा, गानी चांगली हायेत. पण मनाले पटत नाई त्याले मी पटते कसं म्हनू? पोरीपायी पाणी घेतलं असतं, तं ते खोटंच झालं असतं."

"आयकलं का पोरी? कानानं आयकनं येगळं आन् मनाले पटनं येगळं. खरं म्हाईत असून जो पाठ फिरवते, त्याले मास्तर म्हनतेत ते लागू. हे तसे नाईत. आन् कोनाच्या मनात काय हाय, ते मले दिसत नाई, मास्तराले दिसत नाई. हे सोर्गात जातीन असं मी लिहून देत नाई. मी सोता जाईन का, तेबी मले लिहून देता येत नाई. पण आशा ठेवाले चर्चनं मले मनाई केली नाई."

दानियल मास्तर हळूच म्हणाले, "मंग फादर, आपुन शिकवतो काहून?" विचारण्यात टोचणी नव्हती, माणूस खरंच गोंधळला होता. फादर म्हणाले, "मास्तर, आपल्याले जे भेटलं ते लय चांगलं हाय, म्हनून. भेव दाखवाले नाई." मास्तरांनी खिशातून फुटाणे काढले, मला दिले, आणि बाबांनाही दिले. परत जाताना बाबांनी चौकात सायकल थांबवली. आलुबोंडा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "फुंकून खाय, शेवंते. तोंड भाजन." मी वाचले.

सगळी शंका त्या दिवशी गेली असं मात्र नाही. अजूनही कधी कधी पहाटे जाग येते आणि ते फळ्यावरचं तारू दिसतं. श्रद्धा माझी आहे, घट्ट आहे, पण ती बिनकाट्याची नाही.

पुढं मी शिकले, अकोल्यात शिक्षिका झाले. माय आधी गेली. बाबा माझ्याकडे राहायला आले आणि तिथंही दर रविवारी मला चर्चपर्यंत सोडायचे, आधी सायकलनं, मग रिक्षानं, आणि बाहेर बसायचे. शेवटी दवाखान्यात होते तेव्हा एका दुपारी आम्ही दोघंच उरलो. उशाशी पाण्याचा ग्लास होता. श्वास तसाच येत होता, मधे मधे थांबत. ते झोपेत होते, आणि मला कोणी पाहणारं नव्हतं. मी ग्लास हातात घेतला. मग त्यांना हलवून उठवलं आणि विचारलं. या वेळी मोठ्यानं विचारलं, कारण कान गेले होते. अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं असेल. "बाबा, बाप्तिस्मा घ्याल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नको वं."

"पटलं नाई अजून?"

"नाई." मग बऱ्याच वेळानं, "इचारलं, बरं केलं." आणि आणखी थोड्या वेळानं, "तू म्हनत असशीन ना माह्यासाठी काई?"

"रोज म्हणते."

"म्हन. त्याले माही मनाई नाई."

मी चमच्यानं ते पाणी त्यांना पाजलं. दोन चमचे गिळले, तिसरा ओघळला. तो मी पदरानं पुसला.

त्या रात्री बाबा गेले. जाळायला गावी नेलं, कारण मोठ्या बाबांनी निरोप पाठवला होता की गणप्याचं मी करीन. ते वयानं वाकले होते, दोन माणसांनी धरून आणलं. स्मशानाच्या फाटकाशी त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "पोरी, आता तं खरं सांग. बाटला व्हता का तो?"

"नाही मोठे बाबा. मी स्वतः विचारलं. शेवटच्या दुपारी विचारलं. नको म्हणाले."

म्हातारा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. "मायले खरंच सांगतलं रे त्यानं," एवढंच म्हणत होता. मग डोळे पुसून आत निघाला, आणि दोन पावलं गेल्यावर वळला. "तूबी ये आत. एकुलती एक हायेस त्याची, कोनी काई म्हननार नाई."

आत त्यांचे मंत्र होणार होते. ते माझे नव्हते, बाबांचेही नव्हते, पण भावाला ते हवे होते. फाटकाजवळ एक लिंब होता. मी त्याखाली बसले, पर्समधून जपमाळ काढली.

"मी हाये इथंच," मी म्हटलं. "तुमी या आटपून."